अंगठा हलला का?

रुग्णालयाच्या धुलाईघरात मी नऊ वर्षं तिच्यासमोर उभी होते. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. झटकायची, ताणायची, दोन पावलं पुढे यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा मागे. दिवसाला चारशे चादरी. इतक्या वेळा समोरासमोर आलं की माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ पाठ होते. तिच्या भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा होत्या. त्या गेलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

सगळे तिला खळबाई म्हणत. सुरुवातीला ती डॉक्टरांच्या कोटांना खळ घालायच्या टाकीवर होती म्हणून, आणि कुणाही साहेबापुढे तिची पाठ वाकायची नाही म्हणूनही. तोंडावर म्हटलं तरी तिला राग यायचा नाही. असल्या फुटकळ गोष्टींवर खर्च करायला तिच्याकडे राग शिल्लकच नव्हता. तो सगळा एका जागी लागलेला होता.

तिचा नवरा रंगारी होता. हसरा, गप्पिष्ट, शिट्टी वाजवत काम करणारा. आम्ही एकाच चर्चमध्ये जायचो. तिथल्या उंच मनोऱ्याला वर्धापनदिनाआधी रंग द्यायचं ठरलं आणि काम घरच्याच माणसाकडे आलं. रंगाऱ्याने वर बघितलं आणि सांगितलं, परांची बांधावी लागेल, आठ दिवस द्या. चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांनी कॅलेंडर दाखवलं. वर्धापनदिन रविवारवर आला होता.

"देवाच्या घराचं काम आहे," ते म्हणाले, "देव सांभाळेल."

"मग निदान शिडी धरायला एक माणूस द्या."

"बघतो," सेक्रेटरी म्हणाले. पण शुक्रवारी दुपारी सगळी माणसं आत गाण्याच्या सरावाला बसली होती. मीही होते. तीस जण गात होतो. शिडी धरायला एक पुरला असता. बाहेरच्या पायऱ्या कुणीतरी सणावारासारख्या धुऊन काढल्या होत्या, ओल्या फरशीवरून शिडीचा पाय सरकला, आणि आम्ही दुसऱ्या कडव्यावर असताना बाहेर धप्प आवाज झाला. पेटी वाजवणारा थांबला नाही. त्याला वाटलं, रंगाचा डबा पडला.

मणक्याला मार बसला होता. छातीखालचं सगळं शरीर गेलं. हातात थोडी ताकद राहिली, डावा हात उजव्यापेक्षा बरा. वाचा शाबूत राहिली, आणि थट्टाही. "बरं झालं तोंड वर होतं," तो म्हणायचा, "नाहीतर हिच्याशी भांडायचं कसं?"

दोन वर्षांनी मी धुलाईघरात लागले तेव्हा खळबाईचा दिनक्रम घड्याळासारखा बसलेला होता. रुग्णालयाच्या मागेच कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. तिची खोली तळमजल्यावर, धुलाईघराच्या मागच्या दारापासून शंभर पावलांवर. सहाला पाळी सुरू व्हायची. आठला, दहाला, बाराला ती पळत घरी जायची, नवऱ्याची कूस बदलायची, पाठीला हात फिरवून बघायची, घोटभर पाणी पाजायची आणि पंधरा मिनिटांत परत. तेवढा वेळ मी उशांचे अभ्रे घेऊन बसायची, ते एकटीला जमतात. मुकादम काणाडोळा करायचा. रात्रीही ती दर दोन तासांनी गजर लावून उठायची.

आम्हा धुलाईवाल्यांना चादर बघून पेशंट कळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सडायला लागली की चादरीवर पिवळट, चिकट कड असलेला डाग येतो आणि तो तीन धुण्यांतही जात नाही. बेडसोर. वॉर्डात नर्सांची फौज असूनही असे डाग रोज यायचे. एकदा घडी घालताना ती म्हणाली, "माझ्या घरच्या चादरीवर असा एक डाग आलेला नाही. कुणाला बघायचं असेल तर येऊन बघा म्हणावं."

पण ते बघायला कुणी येत नव्हतं. येणारे बघायचे पायाचा अंगठा.

मी हे पुष्कळदा डोळ्यांनी पाहिलंय. मंडळीतली माणसं भेटायला यायची, खुर्ची ओढून बसायची, प्रार्थना करायची, आमेन म्हणायची आणि मग डोळे उघडताच पहिली नजर पांघरुणाच्या टोकाशी. "काही हालचाल? अंगठा हलला का?" सेक्रेटरी तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नेमाने यायचे. पांघरूण स्वतःच्या हाताने वर करून बघायचे, जणू वहीत गणित सुटलंय का ते तपासतायत.

"मघाशी हलला होता," रंगारी म्हणायचा. "तुमची चाहूल लागली आणि थांबला. लाजाळू आहे."

शनिवारी यायचा तिचा धाकटा दीर. तो लेथ मशीनवर टर्नर होता. केसाएवढा फरकही मापून दाखवणारा माणूस. चर्चची पायरी त्याने भावाच्या अपघातानंतर सोडली होती. तोही बसायचा आणि त्याच अंगठ्याकडे बोट करायचा. "दादा, तुझ्या देवाला सांग, एवढा एक सांधा हलवून दाखव. मोजता येईल एवढा. पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसतो."

एका शनिवारी मी तिथे होते. खळबाई नवऱ्याची पाठ पुसत होती. तिने ओलं फडकं बादलीत आपटलं.

"भाऊजी, तो अंगठा आहे. तुमच्या घराची बेल नाही, दाबली की देव दार उघडेल. सेक्रेटरी सोमवारी येतात, तुम्ही शनिवारी. ते म्हणतात हलला तर देव खरा, तुम्ही म्हणता नाही हलला म्हणजे खोटा. दोघांनाही हे दिसत नाहीत, यांचा पाय तेवढा दिसतो."

"मी फक्त पुरावा मागतो, वहिनी. त्यात काय चुकलं?"

"इकडे या. काखेखाली हात घाला आणि यांना त्या कुशीवर वळवा. मग बोलू पुराव्याचं."

दिराला कामाची आठवण झाली. तो उठून गेला.

असं सात वर्षं चाललं. सातव्या वर्षी मंडळीने बाहेरगावच्या एका प्रचारकाला बोलावलं. त्याच्या प्रार्थनेने आजारी माणसं बरी होतात असं ऐकिवात होतं. एका मोठ्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सभा ठरली. चर्चच्या दाराशी कागद लागला. त्यावर सेक्रेटरींच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं की सात वर्षं अंथरुणाला खिळलेले आपले बंधू त्या दिवशी सर्वांसमक्ष उभे राहतील. विचारलं कुणालाच नव्हतं.

खळबाईने तो कागद फाडून चुरगळला आणि एप्रनच्या खिशात घातला. सोमवारी धुलाईघरात तिने चादरी अशा झटकल्या की माझे खांदे दुखले. "नेणार नाही," ती म्हणाली. "माझा नवरा म्हणजे काय सभेचं सामान आहे?"

पण गुरुवारी ती गप्प होती. बाराची फेरी करून आली आणि चादरीचं टोक हातात धरून तशीच उभी राहिली.

"जायचं म्हणतात," ती म्हणाली. "म्हणतात, अगं, एकदाचं सगळ्यांचं बघून होऊ दे. मग तरी माझ्या पायाला सुट्टी मिळेल. मी म्हटलं, ठीक, तसं असेल तर जाऊ." तिने टोक चिमटीत घट्ट धरलं. "मग म्हणाले, माझे बूट शोधून ठेव. पॉलिश करून."

मी माझं टोक उचलून धरलं.

"सात वर्षं बूट घातलेले नाहीत त्यांनी. खाटेखाली मागे ढकललेत मी. बसून जायचं असतं तर चप्पलही चालली असती." तिने चादर ताणली. "त्यांच्या मनात आशा आहे. माझ्यापासून लपवतायत. या लोकांनी शिरवली ती. आता मी नाही कशी म्हणू?"

तिने बूट पॉलिश केले, पँटला कडक इस्त्री केली, आणि रविवारी दुपारी दिराच्या मदतीने त्याला व्हीलचेअरवर बसवून हॉलमध्ये नेलं. दीर मुद्दाम आला होता. त्याला बघायचं होतं. आणि कशाला खोटं बोलू, मलाही बघायचं होतं. मी मधल्या रांगेत होते आणि नीट दिसावं म्हणून खुर्चीवर चढले होते. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

प्रचारक काही लबाड माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तरुण होता, आवाज बसलेला, प्रवासाने डोळे ओढलेले. आपण म्हणतो ते त्याला मनापासून खरं वाटत होतं. म्हणूनच तो जास्त धोक्याचा होता. त्याने बराच वेळ प्रार्थना केली, रंगाऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "विश्वास आहे?"

"आहे," रंगारी म्हणाला. तो हसत नव्हता. त्याला इतकं गंभीर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन स्वयंसेवकांनी दोन्ही बाजूंनी त्याला उचलून उभं केलं. पॉलिश केलेले बूट जमिनीला टेकले. खळबाई पुढे सरकली आणि म्हणाली, "सोडू नका. सोडू नका त्यांना." प्रचारकाने डोळे मिटूनच सांगितलं, "सोडा."

त्यांनी सोडलं.

तो पुढे कोसळला. उजवी मांडी अंगाखाली आली आणि कडकन आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. त्याला स्वतःला दुखलं नाही, कारण तिथली संवेदनाच गेलेली. तो तोंडावर पडला होता आणि विचारत होता, "काय मोडलं? खुर्ची मोडली का?"

प्रचारकाचा चेहरा पांढरा पडला. तो गुडघ्यावर बसला. तिथेच गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण माणसाला आपलं म्हणणं सांभाळायचं असतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "या घरात कुणाच्या तरी मनात संशय आहे."

आणि सेक्रेटरींनी मान वळवून खळबाईकडे बघितलं. त्यांच्यामागे सगळ्या हॉलने बघितलं. मागून दिराचा आवाज आला, "झालं सिद्ध. आता तरी बंद करा."

तिने आधी नवऱ्याला उताणं केलं. मांडी मधेच वाकडी झाली होती ती पाहिली. मग उठली. तिला माईकची गरज नव्हती. वीस वर्षं धुलाईच्या मशिनांच्या घरघरीवर आवाज चढवून ती बोलत आली होती.

"कुणाच्या घरात संशय आहे?" ती म्हणाली. "ज्यांचा विश्वास आहे ते माणसाला उभं करून हात सोडून बघत नाहीत, पडतो की राहतो. संशय असलेले बघतात. तुम्ही सगळे बघत होतात. खुर्च्यांवर चढून बघत होतात."

मी खाली उतरले.

"सेक्रेटरी, तुम्हाला हे उठायला हवेत, कारण हे बसलेले दिसले की तुम्हाला ती शिडी आठवते. सात वर्षं तुम्ही सोमवारी येता ते यांच्यासाठी नाही. आणि भाऊजी, तुमचं सिद्ध झालं ना? भाऊ पालथा पडला तेव्हा तुम्हाला आनंद झाला. आवाजात ऐकू आला मला."

दीर मागच्या रांगेतून बाहेर आला.

"प्रभूकडेही लोक असंच चिन्ह मागायला आले होते. आकाशातून काहीतरी दाखव म्हणाले. इतकी आजारी माणसं बरी झालेली डोळ्यांदेखत होती, तरी आणखी हवं होतं. त्याने उसासा टाकला आणि नावेत बसून निघून गेला. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा, दाखवलं असतं एखादं तर काय बिघडलं असतं? आज कळलं. तुम्हाला दाखवून काही उपयोग नसतो. आज हे उभे राहिले असते, तर उद्या तुम्ही विचारलं असतं, धावतील का?"

मग तिने स्टेजवरच्या टेबलाचं जाड कापड एका झटक्यात ओढलं. फुलदाणी फुटली. तिने माझ्याकडे बघितलं. "धर टोक."

आम्ही दोघींनी कापड त्याच्या अंगाखाली सरकवलं, चारही टोकं ताणली. दोन टोकं मी धरली, दोन तिने. आमचे हात सवयीचे होते. दीर पुढे आला तर ती म्हणाली, "दार उघडा फक्त."

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय ताणून बांधायचा म्हणून त्याला सात आठवडे पाठीवरच ठेवलं, कूस बदलता येईना. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डातून एक गाठोडं आलं. आम्ही चादर उघडली. पिवळट, चिकट कड असलेला डाग. चादरीवर खाटेचा नंबर लिहिलेला असतो. तिने तो वाचला.

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. पण दुःखाने नाही. दात आवळून, मूठ टेबलावर मारत. "सात वर्षांत एक जखम नव्हती," ती म्हणत होती. "एक नव्हती. यांच्या चमत्काराने दिली."

मी विचारलं, "ताई, तू कधी मागितलंस का? चिन्ह?"

"पहिल्या वर्षी," ती म्हणाली. "रोज. म्हटलं, एवढा एक अंगठा हलव, मी तुझं सगळं ऐकीन. त्याच्याशी बोलणी करत होते मी, बाजारात करतात तशी. मग एक दिवस बोलणी करता करता आठची वेळ चुकली. धावत घरी गेले, तर यांच्या कुशीला लाल चट्टा उठलेला. त्या दिवसापासून मागणं बंद केलं. चिन्ह मिळालं तरी यांना वळवायचंच होतं, नाही मिळालं तरी वळवायचंच होतं. मग म्हटलं, वळवते. तू तुझं बघ."

"आणि विश्वास?"

"तो गेला असता तर बरं झालं असतं. रागवायला समोर कुणी राहिलं नसतं," ती म्हणाली आणि डाग असलेली चादर उकळत्या पाण्याच्या मशिनात टाकली.

नवरा घरी आल्यावर चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. म्हातारे, भिडस्त गृहस्थ. सभेच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. तिने त्यांना दारातच उभं केलं.

"प्रार्थना करायला आलोय, ताई."

"दहा वाजता या. दहाला कूस बदलायची असते, मी कामावर असते. वळवा, पाठ पुसा, पाणी पाजा. हात अंगाखाली असताना काय म्हणायचं ते म्हणा."

पाळकसाहेब आले. आठ दिवस आले. मग त्यांची कंबर धरली आणि निरोप आला. सेक्रेटरी आले नाहीत. त्यांनी फळांची टोपली पाठवली, ती तिने आल्या पावली परत पाठवली. मंडळीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या आणि महिन्याभरात त्या विस्कटल्या. मी यातलं काही फुगवून सांगत नाही. कुणी एकदम बदललं वगैरे नाही.

आला तो दीर. एका सकाळी दहाला खळबाई पळत घरी गेली, तर तो भावाच्या काखेखाली हात घालून घामाघूम झाला होता. त्याने कारखान्यात दुपारची पाळी मागून घेतली होती. "वहिनी, याला कुठून धरायचं सांगा, निसटतोय." तिने सांगितलं. आभार मानले नाहीत. त्यानंतर चार वर्षं दहाची वेळ त्याची झाली. चर्चमध्ये मात्र तो आला नाही, आणि तिनेही त्याला ये म्हटलं नाही.

दोघे भाऊ गप्पा मारायचे. एकदा मी औषध द्यायला गेले होते तेव्हा दीर विचारत होता, "दादा, खरं सांग. इतकं होऊन तू अजून मानतोस?"

"सैतानाने प्रभूला देवळाच्या अगदी टोकावर नेलं होतं," रंगारी म्हणाला. "म्हणाला, घे उडी, देवदूत झेलतील. प्रभू काय म्हणाला? देवाची परीक्षा घ्यायची नसते. नाही घेतली उडी."

"मग?"

"मग काय, पायऱ्यांनी उतरला असेल." त्याची नजर छताकडे होती. "सेक्रेटरी मला म्हणाले, देव सांभाळेल. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, साहेब, हे वाक्य कुणाचं आहे ते आठवा. पण मलाही घाई होती. शिट्टी वाजवत चढलो."

अपघाताला नऊ वर्षं झाली तेव्हा मनोऱ्याचा रंग पुन्हा उडाला होता. पाळी सुटल्यावर खळबाई आणि मी चर्चवरून चाललो होतो. तिचे पाय थबकले. मनोऱ्याला शिडी लावलेली, वर एक अनोळखी रंगारी, खाली कुणी नाही. ती धावत गेली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. वरच्याला खाली उतर म्हणून ओरडली. तो म्हणाला, "बाई, अर्धा हात राहिलाय." ती म्हणाली, "उतर, नाहीतर मी वर येते." तो उतरेपर्यंत तिने शिडी सोडली नाही. मग बाजूच्या खोलीत समितीची बैठक चालली होती तिथे तशीच शिरली. मी मागोमाग.

"वही काढा," ती सेक्रेटरींना म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वीची."

"कशाला, भगिनी?"

"काढा म्हणते ना."

कपाटातून वही निघाली. त्या शुक्रवारच्या पानावर त्याच रेखीव अक्षरात लिहिलं होतं: आपले रंगारी बंधू मनोऱ्यावरून पडून जखमी झाले. प्रभूची इच्छा.

"खोडा हे शेवटचं."

"मंडळीच्या वहीत लिहिलेलं खोडता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग खाली लिहा. परांची बांधू दिली नाही. मागितला तरी शिडी धरायला माणूस दिला नाही. आम्ही आत गात होतो. प्रभूच्या नावावर हे खपवू नका. त्याने शिडी सरकवली नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लिहा, सेक्रेटरी. त्या बरोबर बोलतायत." मी त्यांना एवढ्या ठाम आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

सेक्रेटरींनी पेन उघडलं. तेही म्हातारे झाले होते. पेन कागदाला न टेकवता ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, देव सांभाळेल. चारचौघांत सांगितलं होतं. तुमचे यजमान उठले असते तर माझा शब्द खरा ठरला असता. म्हणून मी यायचो. दर वेळी वाटायचं, आज अंगठा हललेला असेल."

"तुमचा शब्द खरा ठरावा म्हणून देवाने माझ्या नवऱ्याला उठवायचं?"

"हो," ते म्हणाले. "तेच मागत होतो मी."

त्यांनी लिहिलं. तिने सांगितलं तसं, एक शब्द न गाळता, खाली सही करून. तिने दोनदा वाचलं. मग त्यांनी हात जोडले आणि क्षमा हा शब्द उच्चारला.

"करीन," ती म्हणाली. "करायला सांगितलंय, त्यामुळे करावीच लागेल. पण आज नाही. घाई करू नका."

त्या वेळी मनोऱ्याला परांची बांधली. रंगकाम दोन आठवडे लांबलं.

रंगारी त्यानंतर दोन वर्षं जगला. पाठीच्या त्या जुन्या जखमेने पुरतं सोडलं नाही, शेवटी रक्तात विष पसरलं. गेला तो सकाळी, दहाच्या सुमाराला. दीर डोक्याशी होता, खळबाई पायाशी, मी निरोप मिळताच धावत गेले होते. पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

दफनानंतर माणसं तिच्या खोलीत जमली. मग एकीने तिच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "शेवटी काही दिसलं का हो त्यांना? चेहऱ्यावर उजेड वगैरे? काही म्हणाले?" दुसरीनेही मान पुढे केली. मागे उभे असलेले सेक्रेटरीही ऐकत होते.

तिच्या भुवयांमधल्या रेघा खोल गेल्या. मला वाटलं, आता सगळ्यांना बाहेर काढते. पण ती ओरडली नाही.

"पाणी मागितलं," ती म्हणाली. "मी दिलं. प्यायले आणि गेले. एवढंच झालं."

"आणखी काही नाही?" पहिलीने विचारलं.

दीर उठला, कोपऱ्यातल्या खुर्च्या आवाज न करता एकात एक घालू लागला, आणि म्हणाला, "वहिनी दमल्यात. आता निघा सगळे."